पाणीसुद्धा अडकते तेव्हा: अकॅलेशिया कसा ओळखावा आणि त्याचे निदान कसे करून घ्यावे

घास छातीत अडकतो अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुधा सर्वप्रथम आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, आणि त्यात वावगे काही नाही, कारण आम्लपित्ताचा त्रास अत्यंत सर्रास आढळतो आणि अकॅलेशिया, म्हणजे अन्ननलिकेची खालची झडप सैल न पडण्याचा विकार, दुर्मीळ आहे: दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक नवा रुग्ण. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. गोळ्यांनी गुण येत नाही, मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली पाहणी, होते, तिच्या अहवालात विशेष काही सापडत नाही, आणि तिथून पुढे त्रास ‘मानसिक ताणामुळे’ आहे असे सुचवले जाऊ लागते. अनेक रुग्णांची निदानापर्यंतची वाट अशी वर्षानुवर्षे लांबते. ही वाट कमी करायची तर एक भेद पक्का ध्यानात ठेवावा लागतो. एंडोस्कोपी अन्ननलिकेची रचना दाखवते. अकॅलेशिया हा तिच्या कार्यातला बिघाड आहे, आणि कार्य मोजण्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत.

नेमके काय बिघडते

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. आपण गिळतो तेव्हा तिच्या भिंतीत वरून खाली आकुंचनाची एक लाट सरकते आणि घास पुढे ढकलला जातो. नळी जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वर्तुळाकार कडे असते, ज्याला बोलताना आपण झडप म्हणतो. एरवी हे कडे आवळलेले असते आणि गिळण्याची क्रिया सुरू होताच सैल पडते. त्याला सैल पडण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी अन्ननलिकेच्या भिंतीतच, स्नायूंच्या दोन थरांमध्ये असतात. अकॅलेशियात नेमक्या याच पेशी हळूहळू नष्ट होतात. परिणामी झडप वेळेवर सैल पडत नाही आणि वरच्या नळीतली लाटही विस्कटते किंवा पूर्ण नाहीशी होते. घास खाली जातो तो मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने आणि वर साचलेल्या अन्नाच्या वजनाने. कालांतराने नळी फुगत जाते.

या पेशी का नष्ट होतात याचे निश्चित उत्तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मिळत नाही. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला ही सध्या सर्वांत मान्य असलेली कल्पना आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत आढळणाऱ्या चागास या परजीवीजन्य रोगात मात्र हुबेहूब असेच नुकसान होते, त्यामुळे त्या भागात वास्तव्य झालेल्या रुग्णात त्याची रक्ततपासणी करावी लागते. हा विकार स्त्रिया आणि पुरुष दोघांत सारख्याच प्रमाणात होतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, तरी बहुतेकांचे निदान २५ ते ६० या वयात होते.

लक्षणे: कशाकडे बारकाईने पाहावे

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की अडकते ते काय. अन्ननलिकेत गाठ वाढत असेल किंवा जुन्या व्रणामुळे ती अरुंद झाली असेल, तर आधी घट्ट, कोरडे घास अडकू लागतात, मग मऊ अन्न आणि शेवटी पातळ पदार्थ. अकॅलेशियात घन आणि पातळ दोन्ही अडकण्याचा त्रास बहुधा सुरुवातीपासूनच असतो. घोटभर पाणी प्यायल्यावर ते छातीच्या मध्यभागी थांबले आहे अशी जाणीव होणे, आणि एखाद्या दिवशी गार पाण्याने हा त्रास अधिक वाढणे, हे सांगायला रुग्ण बऱ्याचदा विसरतात, कारण त्यांना ‘खाण्याच्या’ तक्रारीबद्दल विचारलेले असते. म्हणून आपणहून सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे जेवताना लागलेल्या सवयी. हा विकार इतका सावकाश वाढतो की माणूस त्याच्याशी नकळत जुळवून घेतो. ताटावर सर्वांत शेवटपर्यंत तोच बसलेला असतो. दोन-तीन घासांनंतर तो थांबतो, पाठ ताठ करतो, खांदे मागे घेतो, मान उंचावतो आणि भरपूर पाणी एका दमात पितो; क्षणभराने काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते आणि मग तो पुन्हा जेवू लागतो. काही जण जेवता जेवता उठून येरझाऱ्या घालतात. बाहेर चारचौघांत जेवायचे ते टाळू लागतात. विचारले तर ‘मला हळू जेवायची सवय आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि ते प्रामाणिक असते. त्यामुळे घरच्या माणसांचे निरीक्षण इथे मोलाचे ठरते. शक्य असल्यास त्यांपैकी कोणाला तरी डॉक्टरांकडे सोबत न्यावे.

तिसरे लक्षण अन्न उलटून वर येण्याचे. उलटी आणि हे उलटून येणे यांत फरक आहे. उलटीपूर्वी मळमळ असते, पोट आवळते, आणि बाहेर येणारे आंबट किंवा कडू असते. अकॅलेशियात वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर अन्न सहज तोंडात येते, ते न पचलेले असते, कधी कित्येक तासांपूर्वी खाल्लेले असते, आणि त्याला जठरातल्या आम्लाची चव नसते, कारण ते जठरापर्यंत पोचलेलेच नसते. सोबत फेसाळ लाळ येते. सकाळी उशीवर ओले डाग दिसणे, मध्यरात्री ठसका लागून जाग येणे, वारंवार खोकला किंवा न्यूमोनिया होणे या गोष्टी याच साचलेल्या अन्नाच्या वाटचुकीमुळे घडतात. अशा रुग्णावर दम्याचे उपचार चालू असल्याचेही आढळते.

छातीतली जळजळ ही दिशाभूल करणारी खूण आहे. अकॅलेशियाच्या बऱ्याच रुग्णांना जळजळ होते, पण तिचे कारण जठरातून वर येणारे आम्ल असतेच असे नाही. साचलेले अन्न आंबल्याने आणि नळी ताणली गेल्यानेही ती होते. आम्ल कमी करणारी औषधे नियमित, योग्य मात्रेत आठ आठवडे घेऊनही जळजळ आणि अडकणे तसेच राहिले, तर औषध बदलत बसण्यापेक्षा निदानाचा फेरविचार करणे शहाणपणाचे. छातीत दुखणेही होते, विशेषतः तरुण रुग्णांत, आणि ते कधी पाठीकडे किंवा जबड्याकडे सरकते. इथे क्रम चुकवू नये: छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे, अन्ननलिकेचा विचार त्यानंतर.

घास नेमका कुठे अडकतो हे बोटाने दाखवायला सांगितले जाते. त्या खुणेवर फार विसंबू नये, कारण अडथळा अगदी खाली असूनही तो गळ्याशी जाणवू शकतो. गिळायला सुरुवात करतानाच अडचण येणे, पाणी नाकातून येणे, आवाज किंवा बोलणे बदलणे ही लक्षणे मात्र घशाच्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांकडे निर्देश करतात, आणि त्यांची तपासणी निराळी असते.

लहान मुलांत चित्र वेगळे दिसते. ते खायला नकार देतात, वजन वाढत नाही, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. डोळ्यांत अश्रू न येणे आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे काम मंदावणे या दोन गोष्टी अकॅलेशियासोबत आढळल्या तर एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा शोध घ्यावा लागतो. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत खाणे टाळणे, उलटणे आणि वजन घटणे यांवरून खाण्याच्या मानसिक विकाराचा शिक्का बसल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखनात नोंदली गेली आहेत.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची नोंद

‘कधी कधी अडकते’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. एकार्ट गुणांकन नावाची एक सोपी पद्धत जगभर वापरली जाते आणि ती रुग्णाला घरी स्वतःच भरता येते. घास अडकणे, अन्न उलटून येणे आणि छातीत दुखणे या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे: कधीच नाही तर ०, अधूनमधून तर १, रोज तर २, प्रत्येक जेवणाला तर ३. चौथा घटक वजनाचा: घट नसल्यास ०, ५ किलोपेक्षा कमी घट असल्यास १, ५ ते १० किलो घटल्यास २ आणि त्याहून अधिक घटल्यास ३. बेरीज जास्तीत जास्त १२ होते. या आकड्याने निदान होत नाही, कारण इतर विकारांतही तो मोठा येऊ शकतो. त्याचा खरा उपयोग तीव्रता मोजण्यासाठी आणि पुढे उपचारानंतर तुलना करण्यासाठी आहे. उपचारानंतर तो ३ किंवा त्याखाली आला तर सामान्यतः गुण आला असे मानतात.

याखेरीज त्रास कधी सुरू झाला, पातळ पदार्थ अडकतात का, रात्री काय होते, कोणती औषधे किती काळ घेतली हे लिहून न्यावे. औषधांच्या यादीत वेदनाशामक अफूजन्य औषधे असतील तर त्यांचा उल्लेख विसरू नये, कारण ती दीर्घकाळ घेतल्यास झडपेवर असा परिणाम होतो की दाबाच्या तपासणीत अकॅलेशियासारखे चित्र उमटते. रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची काही औषधे उलट झडप सैल करतात. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. तपासणीपुरते थांबवायचे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आणि काही परिस्थितींत नोंदी करत थांबायचेच नाही. घास पूर्ण अडकून लाळही गिळता येत नसेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, श्वास घेताना त्रास होत असेल, तर तातडीने रुग्णालयात जावे.

पहिली तपासणी: एंडोस्कोपी

एंडोस्कोपी आधी करतात ती प्रामुख्याने दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी: गाठ, व्रण, अरुंद झालेला भाग, किंवा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणारा अन्ननलिकेचा दाह. हा शेवटचा विकारही तरुणांत घास अडकण्याचे मोठे कारण आहे, आणि त्यात अन्ननलिका वरकरणी निरोगी दिसू शकते. म्हणून अस्तर ठीक दिसले तरी वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे बायोप्सीसाठी घ्यावेत असे मार्गदर्शक सूचना सांगतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या दृश्यक्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल दिसणे ही त्या निदानाची मर्यादा आहे. घास अडकण्याच्या तक्रारीसाठी एंडोस्कोपी झाली आणि बायोप्सी घेतली गेली नाही, तर त्याचे कारण जरूर विचारावे.

अकॅलेशियाच्या खुणा या तपासणीत दिसतात तेव्हा त्या अशा असतात: नळीत लाळ किंवा अन्न साचलेले, नळी रुंदावलेली, झडप आवळलेली, आणि दुर्बिणीचे टोक जठरात नेताना किंचित जोर लागून मग ते एकदम आत जाणे. परंतु सुरुवातीच्या काळात यातले काहीच न दिसण्याची शक्यता मोठी असते. नॉर्मल अहवालाने अकॅलेशिया रद्द होत नाही, हे रुग्णाने आणि, खरे सांगायचे तर, काही वेळा त्याच्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवायला हवे.

या तपासणीपूर्वी एक धोका टाळायचा असतो. नेहमीचे काही तासांचे उपाशी राहणे अकॅलेशियाच्या रुग्णाला पुरतेच असे नाही; नळीत आदल्या दिवशीचे अन्न असू शकते आणि भूल किंवा गुंगी दिल्यावर ते श्वासमार्गात जाऊ शकते. अन्न उलटून येत असल्याचे भूलतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मग ते एक-दोन दिवस केवळ पातळ आहार घ्यायला सांगतात आणि भूल देतानाही वेगळी काळजी घेतात.

बेरियमची चित्रे

बेरियमचा पांढरा द्राव उभ्याने पिऊन क्ष-किरण चित्रे काढण्याची ही जुनी तपासणी आजही कामाची आहे. अकॅलेशियात वरची नळी रुंद आणि खालचे टोक निमुळते होत पक्ष्याच्या चोचीसारखे दिसते. विकार फार जुना असेल तर नळी फुगून नागमोडी झालेली असते. शक्य असेल तिथे वेळेची नोंद ठेवून ही तपासणी करून घ्यावी. तीत द्राव प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी चित्रे घेतात आणि उरलेल्या द्रावाची उंची मोजतात. एक मिनिटानंतर ५ सेंटिमीटरहून किंवा पाच मिनिटांनंतर २ सेंटिमीटरहून अधिक उंचीचा स्तंभ उरला असेल, तर अकॅलेशियाचा संशय बळावतो. बेरियमसोबत ठरावीक आकाराची गोळी गिळायला दिली आणि ती खाली जाऊन थांबली, तर द्रव निघून जात असतानाही असलेला सौम्य अडथळा उघड होतो.

मॅनोमेट्री: निदान पक्के करणारी तपासणी

निदानावर शिक्कामोर्तब होते ते हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब बारकाईने मोजणाऱ्या तपासणीने. साधारण सहा तास उपाशी राहून जायचे असते. नाकाला बधिर करणारे जेल लावून एक बारीक, लवचीक नळी नाकावाटे अन्ननलिकेतून जठरापर्यंत सरकवतात; ती जाताना पाण्याचे घोट घ्यायला सांगतात. पहिली एक-दोन मिनिटे डोळ्यांत पाणी येते आणि ओकारी आल्यासारखे होते, हे आधीच माहीत असलेले बरे. गुंगी देत नाहीत, कारण गुंगीने मोजमाप बिघडू शकते. नळीवर साधारणपणे एकेक सेंटिमीटरच्या अंतराने ३६ दाबमापक असतात. मग उताणे झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळायला देतात, आणि नंतर बसवून आणखी काही. दोन घोटांच्या मध्ये लाळही गिळायची नसते, आणि रुग्णाला सर्वांत कठीण हेच जाते. पडद्यावर प्रत्येक घोट रंगीत नकाशासारखा उमटतो: निरोगी माणसात वरून खाली उतरणारा एक तिरपा पट्टा आणि त्याच वेळी तळाशी झडपेचा दाब ओसरलेला. अकॅलेशियात तळाचा पट्टा गडद तसाच राहतो आणि तिरपा पट्टा दिसतच नाही.

अहवालात दोन गोष्टी शोधाव्यात. एक, गिळताना झडप किती सैल पडते याचा दर्शक, जो आयआरपी या नावाने दिलेला असतो. प्रचलित उपकरणांपैकी एकावर उताण्या स्थितीत त्याची वरची मर्यादा १५ मिलिमीटर पारा आहे. उपकरण बदलले की मर्यादाही बदलते, त्यामुळे आकडा नेहमी त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेशेजारी ठेवून वाचावा. दुसरी गोष्ट विकाराचा प्रकार. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीनुसार तिन्ही प्रकारांत झडप नीट सैल पडत नाही आणि लाट नाहीशी झालेली असते. पहिल्या प्रकारात नळीत दाबच निर्माण होत नाही. दुसऱ्यात किमान २० टक्के घोटांच्या वेळी संपूर्ण नळीत एकाच वेळी दाब वाढतो. तिसऱ्यात किमान २० टक्के घोटांना अवेळी, पेटक्यासारखी आकुंचने येतात. हा भेद उपचार ठरवतो: दुसऱ्या प्रकाराचा प्रतिसाद बहुतेक उपचारांना सर्वांत चांगला असतो, तर तिसऱ्यात स्नायूचा लांब भाग कापावा लागत असल्याने तोंडावाटे दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया अधिक पसंत केली जाते.

आकडे नेहमी स्पष्ट बोलतात असे नाही. पहिल्या प्रकारात नळी खूप फुगलेली असेल तर आयआरपी मर्यादेच्या आतही येऊ शकतो, आणि उलट, तो वाढलेला असून लाट मात्र शाबूत असू शकते. अशा वेळी वेळेची नोंद ठेवलेली बेरियम तपासणी, किंवा झडपेत फुगा फुगवून तिचा लवचीकपणा मोजणारी फ्लिप ही तपासणी निर्णायक ठरते. सीमारेषेवरच्या एकाच आकड्याच्या आधारे कायमस्वरूपी शस्त्रक्रियेला होकार देऊ नये.

छद्म अकॅलेशिया आणि इतर चकवे

वय ५५-६० च्या पुढे, त्रास एक वर्षाच्या आतला, आणि वजन १० किलोहून अधिक झपाट्याने घटलेले: ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की मॅनोमेट्री कितीही अकॅलेशियासारखी दिसली तरी थांबून विचार करावा लागतो. जठराच्या वरच्या भागातली गाठ झडपेभोवती पसरून अगदी तसेच चित्र उभे करू शकते. अशा रुग्णात एंडोस्कोपीत दुर्बिणीचे टोक जठरात उलट वळवून झडपेकडचा भाग नीट पाहणे, सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करणे आवश्यक असते. पूर्वी वजन कमी करण्यासाठी किंवा आम्लप्रवाह, म्हणजे जठरातले आम्ल वर येणे, थांबवण्यासाठी झडपेजवळ शस्त्रक्रिया झाली असेल, तर तीही कारण असू शकते.

आम्लप्रवाहाच्या २४ तासांच्या पीएच (आम्लता मोजणाऱ्या) तपासणीतही फसगत होते, कारण आंबलेल्या अन्नामुळेही आम्लता नोंदली जाते. त्यावर विसंबून अकॅलेशियाच्या रुग्णाची झडप घट्ट करणारी शस्त्रक्रिया झाली तर त्रास कित्येक पटींनी वाढेल. म्हणून आम्लप्रवाहावरील कोणत्याही शस्त्रक्रियेआधी मॅनोमेट्री झालीच पाहिजे, असा आग्रह रुग्णाने धरावा.

निदान झाल्यानंतर

नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत, त्यामुळे सर्व उपचारांचा रोख झडपेचा अडथळा कमी करण्यावर असतो. ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७४ साली देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाची अन्ननलिका रुंद केल्याची नोंद आहे. आज ३० ते ४० मिलिमीटर व्यासाच्या फुग्याने झडप ताणणे, १९१३ साली एर्न्स्ट हेलर यांनी प्रथम केलेली आणि आता पोटावर लहान छिद्रे पाडून होणारी स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया, आणि जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी विकसित केलेली पोएम ही तोंडावाटे होणारी शस्त्रक्रिया असे तीन मुख्य मार्ग आहेत. पोएमनंतर आम्लप्रवाहाचे प्रमाण अधिक आढळते, तर फुग्याचा उपचार पुन्हा करावा लागू शकतो. झडपेत स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमचे इंजेक्शन देण्याचा परिणाम काही महिनेच टिकतो, म्हणून ते मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी राखून ठेवतात. निवड करताना मॅनोमेट्रीतला प्रकार, वय आणि त्या केंद्राचा अनुभव या तिन्हींचा विचार करावा.

उपचारापूर्वीची बेरियमची चित्रे, मॅनोमेट्रीचा पूर्ण अहवाल आणि एकार्ट गुणांची नोंद जपून ठेवावी. उपचारानंतर काही महिन्यांनी तीच बेरियम तपासणी पुन्हा केली जाते, कारण रुग्णाला बरे वाटत असतानाही नळी नीट रिकामी होत नसल्याचे काहींत आढळते. दीर्घकाळ अन्न साचत राहिलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा वाढलेला असतो, त्यामुळे विकार जुना असेल तर ठरावीक काळाने एंडोस्कोपी करायची का आणि किती वर्षांनी, हे त्याच भेटीत डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावे.